गोल करण्याआधी

तारेचं वेडंवाकडं कडं, त्यावर साबणाचा पडदा आणि खालून हलकीशी फुंकर. पडदा किती उंच फुगेल? दरवर्षी पहिल्या तासाला मी हा प्रश्न फळ्यावर लिहितो. समीकरण प्वासाँचं, एलिप्टिक. कडेवर उंची शून्य. बहुतेक आकारांसाठी उत्तराचं सुटसुटीत सूत्र नाही. विद्यार्थी असताना मला ही हार वाटायची. पुढे ‘जास्तीत जास्त किती?’ असं विचारायला शिकलो आणि माझं खरं काम सुरू झालं.

फुगलेल्या पडद्याच्या आकाराचा शाडूचा उंचवटा घ्या, आडव्या चकत्या कापा, प्रत्येक चकती तेवढ्याच क्षेत्रफळाची गोल करा आणि एकावर एक नीट मध्यावर रचा. उंची तीच, घनफळ तेच. हे श्वार्ट्झ यांचं सममितीकरण. जॉर्जो तालेंती यांनी १९७६ साली दाखवलं, की तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल कड्यावरचा पडदा या रचलेल्या ढिगाच्या खाली कुठेच जात नाही.

सिद्धतेतली माझी आवडती जागा अशी. दाब आणि ताण यांचं गुणोत्तर १ धरा आणि पडदा कुठल्याही उंचीवर कापा. कापाच्या रेषेवरच्या उतारांची बेरीज आतल्या क्षेत्रफळाएवढी भरते, कारण आतला सगळा भार त्या रेषेनंच पेललेला असतो. उतारांच्या व्यस्तांची बेरीज सांगते, की वर जाताना क्षेत्रफळ किती वेगानं घटतं. या दोन बेरजांचा गुणाकार रेषेच्या लांबीच्या वर्गाहून कमी नसतो. आणि तो वर्ग क्षेत्रफळाच्या ४ गुणिले पाय, म्हणजे सुमारे १२.५७ पटीहून कमी नसतो. दोन्हीकडचं क्षेत्रफळ कटतं. उरतं एवढंच: एकक उंची चढायला किमान १२.५७ क्षेत्रफळ खर्ची पडतं. समीकरण न सोडवताच उंचीची मर्यादा हाती येते. इतक्या वर्षांनीही इथे पोचलो की खडू क्षणभर थांबतो.

क्षेत्रफळ १ असेल, तर मर्यादा ०.०७९६. चौरसावरचा पडदा ०.०७३७ पर्यंत पोचतो; फरक कोपऱ्यांचा. पण तेवढ्याच क्षेत्रफळाची ४ लांब आणि पाव रुंद पट्टी घेतली, तर उंची जेमतेम ०.००७८, मर्यादेच्या दशांशाहूनही कमी. असमानता खरीच राहते, पण पट्टीचं अरुंदपण तिला दिसत नाही. ते आपणच चकत्या गोल करताना सोडून दिलेलं असतं. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: गोल करण्याआधी आकार नीट बघून घ्या.