बोनसची पावती

दिवाळी सरली की आमच्या लाखांदूर तालुक्यात दोनच गोष्टींचा धडाका असतो. दिवसा धानाची कापणी, रात्री नाटक. 2024 साली त्यात विधानसभेची भर पडली. 20 नोव्हेंबरला मतदान. बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या आणि रस्त्यावर भोंग्याच्या गाड्या.

मी निवृत्त मास्तर. अक्षर बरं, म्हणून गावातले अर्ज माझ्याच ओट्यावर भरले जातात. मतदानाच्या आठवडाभर आधी दोन पोरं मोटारसायकलवर आली. गळ्यात दुपट्टा नाही, ओळखपत्र. "गुरुजी, धानाच्या बोनसची नोंदणी आहे. निवडणूक झाली की यादी वर जाते."

फॉर्मवर नेत्याचा फोटो होता. पण हल्ली सरकारी योजनेच्या कागदावरही फोटो असतोच, म्हणून मला काही खटकलं नाही. नाव, आधार, मोबाईल, सातबाऱ्याचा गट क्रमांक, सही नाहीतर अंगठा. खालची पावती फाडून द्यायची. त्या दुपारी मी एकतीस फॉर्म भरले. चहाही माझाच.

फसलो कारण कागद ओळखीचा होता. खरेदी केंद्रावर धान द्यायचं तर सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स देऊन नोंदणी करावीच लागते. साध्या धानाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 2,300 रुपये. आधीच्या हंगामाला सरकारने दोन हेक्टरांपर्यंत हेक्टरी 20 हजार बोनस दिला होता, तोही नोंदणी असलेल्यांनाच. त्यामुळे 'बोनस' आणि 'नोंदणी' हे शब्द जोडीनं आले की इथला माणूस आधार कार्ड आणायला घरात जातो.

23 तारखेला निकाल लागला. आमच्या साकोली मतदारसंघात नाना पटोले निवडून आले, 208 मतांनी. तो कागद जिंकणाऱ्यांचा होता की हरणाऱ्यांचा, ते इथे लिहीत नाही. पण पुढे फसवणूक कळली तेव्हा तो आकडा आठवला आणि मी बोटांवर मोजू लागलो. एकतीस घरं, घरटी तीन मतं. त्यातली किती त्या फॉर्मानं हलली असतील, देव जाणे. आणि लोकसभेला साताऱ्यात तुतारी या चिन्हाऐवजी पिपाणी या चिन्हाला 37 हजारांवर मतं पडली, तेव्हा "लोकांना चिन्हसुद्धा ओळखता येत नाही" म्हणून याच ओट्यावर मी हसलो होतो.

धान चुरून झाल्यावर शेजारच्या काकी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, त्याच्या घडीतून पावती. "गुरुजी, केंद्रावरचा बाबू म्हणते हे चालत नाही. मंग हे कोठी दाखवाचं जी?"

चष्मा लावून पहिल्यांदाच ती पावती नीट वाचली. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'मतदार संपर्क अभियान'. मुद्रकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही. प्रचाराच्या कागदावर ही दोन्ही नावं छापायला हवीत, हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची अशी नोंदणी करू नका, असं निवडणूक आयोगानं 2 मे 2024 रोजीच सगळ्या पक्षांना बजावलं होतं. मी रोज पेपर वाचतो. ती बातमीही वाचली असणारच.

काकींना म्हटलं, "हा सरकारी कागद नव्हे. चूक माझी झाली."

त्यांनी पावतीवरचं स्वतःचं नाव पाहिलं, माझ्याच अक्षरातलं. मग तिची पुन्हा तशीच घडी घालून सातबाऱ्यात ठेवली.

"राहू द्या जी. लागन तं."