ताजी नसती तर…

केळव्याच्या बाजारात सुरमई ताजी आहे का, असं विचारलं की सरळ ‘हो’ ऐकू येत नाही. टोपलीमागून उलट प्रश्न येतो, “ताजी नसती तर मी इथं बसले असते का?” प्रश्न कसला, अख्खा युक्तिवादच आहे तो. मासळी शिळी असती तर मी बसले नसते; बसले तर आहे; म्हणजे मासळी शिळी नाही. तर्कशास्त्राच्या परीक्षकाला अर्धा गुणही कापता येऊ नये, इतका त्याचा आकार निर्दोष. तरी गिऱ्हाईक बाई मासा उचलते, कल्ला उघडून लाली बघते आणि मगच भाव करते. आकार बरोबर असला म्हणून पहिलं वाक्य खरं ठरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

पण आकारावर तरी किती विसंबावं? वाडीतल्या घरी पाहुणा ओटीवर टेकला की आतून आवाज येतो, “तहान लागली असेल तर माठात पाणी आहे हो!” नियमाने हे वाक्य उलटवलं तर निघतं: माठात पाणी नसेल तर तुम्हाला तहान लागलेली नाही. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ साली अशाच वाक्यांवर बोट ठेवलं होतं. माठातलं पाणी पाहुण्याच्या तहानेवर अवलंबून नसतं. ते सांगण्याचं कारण मात्र तहान असते.

चिन्हांचं आधुनिक तर्कशास्त्र घडवणाऱ्या गोटलोब फ्रेगेला ही अडचण दिसत होती. १८७९च्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतःच्या लिपीला सूक्ष्मदर्शक म्हटलं आणि रोजच्या भाषेला डोळा. गणिताच्या सिद्धतेत एकही फट राहू नये म्हणून सूक्ष्मदर्शक हवा. रस्ता ओलांडायला डोळाच बरा.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या दोहोंच्या मधली वाट धरली. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे’ हे त्यांचं लाडकं उदाहरण पालघरच्या डोंगरांकडे बघून सुचावं असं आहे. उन्हाळ्यात राब भाजायला लागले की उतारांवरून धूर उठतोच. सतराव्या शतकातला अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त सांगतो की, स्वतःपुरतं अनुमान मनातल्या मनात होतं, दुसऱ्याला पटवायचं तर पाच अवयव लागतात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ॲरिस्टॉटलचं काम तीन वाक्यांत भागतं. इथे मात्र समोर ऐकणारा बसलेला आहे, म्हणून त्याच्या ओळखीचं स्वयंपाकघर उदाहरणाला येतं. शिवाय उलट बाजूही तपासली जाते. जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येत नाही; तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे ‘उपाधी’. पावसाळ्यात सुरूची ओली काटकी चुलीत घालणाऱ्या घराला ती डोळे चोळत कळते.

आपल्या वादांत अशाच अटी गिळलेल्या असतात. वाढवण बंदराला जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी झाली. तेव्हापासून, खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, या किनाऱ्यावर दोन वाक्यं समोरासमोर उभी आहेत. एक, बंदर झालं तर रोजगार येईल. दुसरं, बंदर झालं तर मासेमारी जाईल. पहिलं ऐकणारा मनात जोडतो, की बंदर नाही झालं तर रोजगार नाहीच. दुसरं ऐकणारा जोडतो, की बंदर नाही झालं तर मासेमारी टिकेलच. बोलण्यातला ‘तर’ ही जोड सहज करू देतो. तर्कशास्त्रातला करू देत नाही. भांडण मात्र बरंचसं त्या जोडलेल्या वाक्यांवरच पेटतं. कुणाचा रोजगार, कुठली मासेमारी, किती वर्षं, हे प्रश्न बाजूला राहतात.

म्हणून चिन्हांच्या तर्कशास्त्राने आपली भाषा सुधारावी, अशी अपेक्षा मला नाही. त्याने एवढंच करावं, की गिळलेलं वाक्य बाहेर काढायला लावावं. पुढच्या वादात आधी समोरच्याचं न बोललेलं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा आणि त्याला विचारा, “तुम्हाला हेच म्हणायचंय ना?” मग तेच स्वतःच्या वाक्याचंही करा. आकार त्यानंतर तपासा, आणि कल्ला उघडून बघायला विसरू नका.