शिळेआडची तेहेतीस मुलं

रायपूरहून निघालेली पॅसेंजर दुर्ग, राजनांदगाव मागे टाकते. डोंगरगडला बमलेश्वरीची टेकडी दिसते आणि मग भाताची सपाट खाचरं संपून जंगल रुळांना भिडतं. बोरतलावच्या पुढे दरेकसा. इथे छत्तीसगड संपून महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत मात्र हे दोन्ही भाग एकाच प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर.

माघ पौर्णिमेच्या सुमारास या लहानशा स्टेशनावर पाय ठेवायला जागा उरत नाही. बस्तर, मंडला, आदिलाबाद, चंद्रपूर इथून आलेले गोंड सप्तरंगी झेंडे घेऊन, 'जय सेवा' म्हणत धनेगावच्या वाटेने कचारगडचा डोंगर चढून तिथल्या गुहेकडे जातात.

गुहा म्हटलं की मराठी माणसाला वेरूळ-अजिंठा आठवतात. इथे एकाही छिन्नीचा घाव नाही. निसर्गानेच पोखरलेलं हे प्रचंड दालन आहे आणि छताच्या भगदाडातून उजेडाचा झोत खाली उतरतो. गोंडांच्या दृष्टीने त्यांच्या समाजाचा जन्म इथला.

कथा अशी: काली कंकाली या मातेची तेहेतीस मुलं शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर शिळा लावली. जंगो रायताडला त्यांची दया आली. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने सुटकेचा मार्ग शोधला. वादक हिरासुका पाटालीरने आपली किंगरी छेडली. सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं. शिळा हलली, गडगडली आणि तिच्याखाली हिरासुकाच चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने सगांमध्ये, म्हणजे कुळगटांमध्ये, विभागून जगण्याची रीत शिकवली.

ही कथा गोंडांच्या परधान गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गीत लिहून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणं छापली. त्या पाठात कोंडलेल्यांची गुहा धवलगिरीवर आहे, पण 'काचीकोपा लाहूगड' हे नावही त्यात येतं. पुढे नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी लोककथांमधला हा लोहगड म्हणजे हाच कचारगड, असं मांडलं. छापील पाठापेक्षा दरवर्षी हा डोंगर चढणाऱ्या पावलांची साक्ष इथे जास्त वजनदार वाटते.

गुहेबाहेर सावलीत टेकलेले अनोळखी लोक एकमेकांचं गाव विचारतात, मग गोत्र, मग सगा ओळखायला 'किती देवांचे?' चार, पाच, सहा की सात? आकडा जुळला की बस्तरचा माणूस आदिलाबादच्या माणसाचा भाऊ ठरतो आणि शिदोरी सुटते.