मागच्या रांगेपर्यंत शब्द

सातारा-सांगली पट्ट्यात साउंडचा धंदा बेसवर चालतो. सुपारी ठरवताना पहिला प्रश्न असतो, ‘बेस किती आणणार?’ टॉप कोणते, हे सहसा कुणी विचारत नाही. मी राहतो सांगलीत, गाव कोरेगाव तालुक्यातलं. डॉल्बीच्या भिंती मिरवणुकांत खूप पाहिल्या, पण स्पीकरची पेटी स्वतः बनवावी असं वाटलं ते गावच्या हरिनाम सप्ताहामुळं. कीर्तनाला मंडप भरतो. मागं बसलेल्या बायकांपर्यंत पखवाजाची घुमक पोचते, टाळ तर कानात शिरतात. बुवांचा आवाजही येतो, फक्त ते काय म्हणाले हे कळत नाही.

माणसाच्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो, म्हणजे साधारण हजार हर्ट्झच्या खाली. पण ‘ताट’ म्हटलं की ‘खाट’, हे ठरतं व्यंजनावरून. व्यंजनं असतात क्षीण, आणि त्यांना ओळखू देणारा भाग मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झमध्ये येतो. हाच पट्टा आपल्याकडं सर्वांत दुर्लक्षित आहे. हे मला मनापासून लागतं, कारण हा मुलूख शब्दाचा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं तेव्हा माइक नव्हता. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशातली बतावणी शब्दांच्या कोट्यांवर उभी होती. शब्द निसटला तर हशा कुठून येणार?

गावाकडं पंधरा इंची बेसचा जुना जोड आणि अँप्लिफायर होता. देवस्थान समितीनं मिड-हायच्या दोन पेट्यांसाठी पंचवीस हजार मंजूर केले. तयार पेट्या त्यात बसत नव्हत्या. भोंगा बसला असता, पण भोंग्यातून कीर्तन ऐकणं म्हणजे कानाला शिक्षा. भोंग्याचं काम वेगळं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद करतात, तिथं तो शोभतो.

स्वस्तातला दुसरा मार्ग पिझो ट्विटरचा. तो साधारण चार हजारांच्या वरच नीट वाजतो, म्हणजे नेमका आपल्याला हवा तो पट्टा बारा इंची स्पीकरच्या गळ्यात पडतो. आणि बारा इंची कोन जसजसा वरच्या सुराकडं जातो तसतसा आवाज सरळ समोर फेकतो, बाजूला बसलेल्यांना मिळत नाही. म्हणून मी दोन हजार हर्ट्झवर विभागणी ठरवली. त्याखाली बारा इंची, त्यावर एक इंच तोंडाचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणि नव्वद अंश पसरणारा हॉर्न. या ठिकाणी दोघांचा फैलाव बऱ्यापैकी जुळतो. स्पीकर आणि ड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले, देशी बनावटीचे.

पेटीला अठरा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतला. मिस्त्री म्हणाले, “बारा एमएम चालंल की, उचलायला हलकी पडंल.” मी त्यांना दोन्ही तुकड्यांवर बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायला सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, उलट आतून आडवी पट्टी मारायची सूचना त्यांचीच. पेटी बंद ठेवली, पोर्ट दिलं नाही. खालचा आवाज बेस सांभाळणार आणि या पेटीला एकशेवीस हर्ट्झच्या खालचं काही द्यायचंच नाही, मग भोक कशाला? आतली जागा पस्तीस लिटर पुरली. हॉर्न बारा इंचीच्या शक्य तितका जवळ बसवला, कारण दोन हजार हर्ट्झला ध्वनिलहर जेमतेम सतरा सेंटिमीटरची असते. दोघं लांब बसले तर ऐकणाऱ्याची मान हलली तरी आवाज बदलतो.

मला सर्वांत आवडलेलं काम क्रॉसओव्हरचं, म्हणजे ही विभागणी करणाऱ्या सर्किटचं. आठ ओहमला दोन हजारवर, बारा डेसिबल उताराचं गणित मांडलं की कपॅसिटर येतो पाच मायक्रोफॅरड आणि कॉइल १.२७ मिलिहेन्री. पाच मायक्रोफॅरडचा ऑडिओ कपॅसिटर महाग. पण सीलिंग फॅनचा अडीचचा कपॅसिटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि तोही पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो. दोन समांतर जोडले की बरोबर पाच. एका पेटीला असे चार लागले. कॉइलसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं गेलो. आपल्याकडं विहिरीवरच्या मोटारी जळतात तोवर तांब्याच्या तारेला तोटा नाही. १९ गेजची तार, प्लॅस्टिकचं रीळ, दोनशेच्या आसपास वेढे. रिवाइंडिंगवाल्यांनी विचारलं, “भाऊ, वेढं मोजायचं का वजनावर?” मी मीटर सोबत नेला होता. ते एकेक वेढा सोडवत गेले आणि आकडा १.२७ वर आल्यावर स्वतःच वार्निशचा डबा पुढं ओढला.

हॉर्नवरचा ड्रायव्हर एका वॉटला एकशे सात डेसिबल देतो, बारा इंची सत्त्याण्णव. दहाचा फरक तसाच ठेवला तर टाळांनी डोकं उठेल. त्यासाठी ड्रायव्हरच्या आधी सिमेंटचे दोन रेझिस्टर घातले, ५.६ ओहम ओळीत आणि ३.९ समांतर.

मग एक गोष्ट अंगणात सगळ्यांना ऐकवली. या जातीच्या क्रॉसओव्हरमध्ये दोन हजारला ड्रायव्हर आणि बारा इंची एकमेकांच्या अगदी उलट ढकलतात, म्हणून ड्रायव्हरची प्लस-मायनस उलटी जोडायची असते. मोबाइलवरून दोन हजारचा सूर सोडला आणि मुद्दाम सरळ जोडणी करून दाखवली. सूर खोल गेला, पेटी बिघडल्यागत. वायरी अदलाबदल करताच तोच सूर समोर येऊन उभा राहिला. पैसा नाही, वॉट नाही, फक्त दोन वायरींची जागा.

खरी परीक्षा मंडपात घेतली. पुतणीला माइकवर शब्द वाचायला लावले: पाट, ताट, थाट, खाट, घाट, वाट, लाट. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. शंभरेक फुटांवर काकू वही घेऊन बसल्या. आधी जुनी सिस्टिम लावली. काकूंनी हात वर केला, “अगं, सगळं ‘आट, आट’च ऐकू येतंय.” नंतर यादीचा क्रम बदलून नव्या पेट्यांवर वाचलं. वहीत ‘ताट’ आणि ‘थाट’ यांचा तेवढा घोळ राहिला, बाकी सगळं बरोबर उतरलं.

आवाजही वाढवावा लागला नाही. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एका मीटरवरचे सत्त्याण्णव बत्तीस मीटरवर सदुसष्ट होतात, आणि समोरासमोर बोलताना माणसाचा आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे शांत मंडपात एक वॉट शंभर फुटांवर शब्द पोचवतो. पखवाज-टाळांच्या वर राहायला सोळा वॉट धरा, बारा डेसिबल आणखी मिळतात. हजारो वॉटच्या पाट्या लावलेल्या गाड्या पाहिल्या की मला हा हिशेब आठवतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पेट्या उंच बसवून तोंड खाली श्रोत्यांकडं वळवलं की शेजारच्या आळीत जाणारा आवाज पुष्कळ कमी होतो, आणि हे तर फुकट आहे.

दोन्ही पेट्या, रंग आणि जाळीसह, पंचवीस हजारांत बसल्या. मोजमापं मिस्त्रींकडं प्लायच्या तुकड्यावर लिहिलेली आहेत, मागेल त्याला ते उतरवून देतात. मंडळांना आणि देवस्थान समित्यांना माझं सांगणं एवढंच, की यंदा बेस वाढवायचा ठराव करण्याआधी शेवटच्या रांगेत कुणाला तरी वही-पेन देऊन बसवा आणि माइकवरून सात शब्द वाचा.