भटारखान्यातला आरोपी

इंग्लंडमधल्या सिल्सडन गावच्या एका रेस्टॉरंटात २००४ साली गॉर्डन रामसेनं तिथल्या आचाऱ्याला साधं ऑम्लेट करायला सांगितलं आणि ते त्याला धड जमलं नाही. चॅनेल फोरवरच्या ‘रामसेज् किचन नाइटमेअर्स’चा हा पहिला भाग. तेव्हापासून साचा ठरून गेला. बुडत्या हॉटेलात नामांकित शेफ येतो, ताटाला नावं ठेवतो, फ्रिज उघडून ओकारी काढतो, मालकाची चारचौघांत सालटी सोलतो; मग भिंतींना रंग, आटोपशीर मेनूकार्ड आणि शेवटी भरलेली टेबलं. २००७ पासून अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीनं हाच माल जास्त तिखट करून विकला. मला हा कार्यक्रम आवडतो. पोटभर जेवून झाल्यावर परक्याच्या फ्रिजमधलं बुरसटलेलं मांस बघण्यात एक हलकट मजा आहे, ती सोडवत नाही.

पण नंदुरबारात बसून बघताना मन सारखं आमच्याच जिल्ह्यातल्या नवापूरकडे जातं. तिथं ऑम्लेट न येणारा आचारी शोधूनही सापडायचा नाही. पोल्ट्रीचाच तालुका तो. आणि तिथंच १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं शिक्कामोर्तब केलं, पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या, अंडीही पुरली. रेल्वेनं गाड्यांमधून चिकन देणं थांबवलं. कालपर्यंत ज्या गावाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, ते देशभरातल्या मेनूकार्डांवरून चिकन उतरवून गेलं.

अशा वेळी सुरत-धुळे महामार्गावरच्या हॉटेलात रामसे आला असता तर त्यानं काय केलं असतं? फ्रिज उघडला असता, मालकावर ओरडला असता. पण मसाला कालचाच, आचारी कालचाच, रश्श्यावरची तर्रीही तीच. सत्तर अंशांच्या वर नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, असं तज्ज्ञ घसा फोडून सांगत होते, आणि खानदेशी रस्सा तर त्याहून कितीतरी जास्त उकळतो. उपयोग शून्य. गिऱ्हाईक चवीला नव्हे, गावाच्या नावाला बिचकलं होतं. सरकारी भरपाई ठरली ती मारलेल्या पक्ष्यांची; ज्याच्या दारात ट्रक थांबेनासे झाले त्याच्या रिकाम्या बाकड्यांचा पंचनामा कोण करणार? २०२१च्या फेब्रुवारीत त्याच तालुक्यात पुन्हा तेच झालं, तेही कोविडच्या टाळेबंदीतून हॉटेलं नुकती कुठे सावरत असताना.

इथल्या धंद्याचं नशीब असंच बाहेर लिहिलं जातं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पलीकडे दारूबंदी, त्यामुळे अलीकडच्या ‘जेवणा’ला जरा वेगळीच गोडी. मग डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको. हेतू चांगलाच होता. पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी घेतलेले जीव काही खोटे नव्हते. पण देशभर हॉटेलांचं दैव एकाएकी मोजपट्टीवर आलं, आणि या आदेशापुढे शेफची अक्कल काय कामाची?

तरी एका बाबतीत मी त्या शिवराळ माणसाच्या बाजूचा आहे. तो आधी मेनूकार्डाला कात्री लावतो. आमच्याकडेही कात्रीच हवी. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पनीरच्या इतक्या तऱ्हा की वाचतानाच भूक मरावी; आणि चव विचाराल तर सगळ्यांखाली एकच लाल ग्रेव्ही. ही अवस्था कुठे, तर मिरचीचा एवढा मोठा बाजार भरणाऱ्या, गावाबाहेर मिरच्यांच्या लाल पथाऱ्या पसरणाऱ्या नंदुरबारात. धडगावकडचा आमचूर हाताशी आहे, काळा मसाला घरचा आहे, शेवभाजी अशी की शेव वाढताना वरून घालतात आणि ती रश्श्यात विरघळायच्या आत भाकरी मोडावी लागते. एवढं सोडून मंचुरियन कशाला? एका मालकाला मी हे सुनावलंही. तो म्हणाला, “भाऊ, एकच गाडी थांबते. त्यात म्हातारीला कांदा-लसूण चालत नाही, पोराला नूडल्स पाहिजेत, ड्रायव्हर तंदूर मागतो. एकाला नाही म्हटलं की चारही जणं पुढच्या हॉटेलात.” माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. रामसेकडे असतं, पण त्याला त्या गल्ल्यावर बसायचं नसतं.

त्याच्या स्वतःच्या गल्ल्याचीही एक गोष्ट आहे. ग्लासगोत २००१ साली त्यानं ‘अमॅरिलिस’ काढलं, त्याला मिशेलिन तारा मिळाला, आणि २००४च्या जानेवारीत ते बंद पडलं. म्हणजे दुसऱ्यांना तारायला तो पडद्यावर आला त्याच वर्षी. स्वयंपाक वाईट म्हणून नक्कीच नाही. त्यानं तारलेली बरीच हॉटेलंही पुढे बंद पडली. सिल्सडनचं ते पहिलंही त्यातलंच. यात त्याला खोटं ठरवायचं नाही मला. पडद्याला दोषी माणूस लागतो, आणि तो भटारखान्यात पटकन सापडतो: जाडजूड, घामेजलेला, उलट उत्तर देणारा. घसरलेली वर्दळ, वाढलेलं भाडं, थकलेली उधारी यांचा चेहरा दाखवता येत नाही.

चौपदरी महामार्गावर हॉटेल समोरच्या बाजूला दिसतं, पण मध्ये दुभाजक आला की तिकडे वळायला गाडीला जागा नसते. पुढचा कट येईपर्यंत भूक दुसऱ्याच कुणाच्या दारात थांबलेली असते. म्हणून असल्या रस्त्यावरचा हॉटेलवाला साहेबाकडे अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याला शेफ नको असतो, भिंतीला रंगही नको असतो. आपल्या दारासमोर डिव्हायडरला कट द्या, एवढंच त्याचं मागणं असतं. आणि कट दिला की तिथंच अपघात होतात, हे साहेबाचं म्हणणंही खरं असतं.