ग्लासगोहून ताईला

ग्लासगो, मंगळवार रात्र

प्रिय ताई,

पोचलो. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. थेंब घालायला ते टाळाटाळ करतील, ऐकू नकोस.

वाटेत गाडी बदलताना एका तिकीट तपासनिसाने माझं तिकीट तीनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारच्याला विचारलंही नाही. अजून डोकं तापलेलं आहे. पाऊस इथे तिरका येतो, छत्रीचा उपयोग नाही. मोजे हीटरवर वाळत घातलेत. कॅथेड्रल पाहिलं, भव्य आहे.

जेवायला मसुराच्या डाळीचं सूप मिळालं. दिसायला थेट आपलं वरण, पण ना हिंग, ना गूळ. दोन वाट्या संपवल्या आणि आईच्या फोडणीची फार आठवण आली.

बुधवार दुपार

मोनोरेल या रेकॉर्डच्या दुकानाला लागूनच खाणावळ आहे, तिथे बसून लिहितोय. ‘द पॅस्टल्स’ या बँडचा स्टीफन या दुकानाच्या संस्थापकांपैकी एक. ‘बेल अँड सबॅस्टियन’चा ‘टायगरमिल्क’ हा अल्बम हातात घेतला. 1996 साली इथल्याच एका कॉलेजच्या संगीत अभ्यासक्रमातून तो निघाला, तेव्हा फक्त हजार प्रती काढल्या होत्या. आपण दोघं एकच इअरफोन वाटून ऐकायचो तो हाच. पंचवीस पौंड, म्हणजे जवळपास तीन हजार रुपये. घेतला. तुझ्यासाठी.

गुरुवार, मध्यरात्र

पाय दुखतायत, पण झोपण्याआधी लिहितोच. किंग टट्स या गाण्याच्या छोट्या सभागृहात गेलो होतो. जेमतेम तीनशे माणसं मावतात. जिन्याच्या पायऱ्यांवर आजवर वाजवून गेलेल्या बँडची नावं वर्षवार रंगवली आहेत. 1993 मध्ये रेकॉर्ड कंपनीवाल्या अ‍ॅलन मॅगीने ओअ‍ॅसिस या बँडला इथेच ऐकलं आणि करार देऊ केला.

आज इथलीच पोरं होती, अल्बम अजून यायचाय. मध्येच गिटारची तार तुटली. पोरगा स्टेजच्या कडेला बसून नवी तार ओवत होता. मी इतका जवळ होतो की खुंटी पिळताना पांढरी पडलेली त्याची बोटं दिसत होती. ड्रमवाली एकटी ठेका धरून राहिली. कुणी हललं नाही. तार जुळली आणि पहिला सूर आला तेव्हा सगळं सभागृह ओरडलं.

‘मोग्वाई’ हा बँडही याच गावात 1995 मध्ये जमला. बहुतेक गाणी शब्दांविना, तरी 2021 मध्ये ‘अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज’ ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत पहिला आला. पंचवीस वर्षं लागली. नव्या पोरांची तुटलेली तार थांबून ऐकणारे तीनशे लोक गावात असले, तर एवढी वर्षं निघतात. आपल्या पुण्यात अशी एक खोली रोज उघडी असावी, असं मनापासून वाटतं.

सध्या ‘मोग्वाई’चा 2025 चा ‘द बॅड फायर’ सारखा लावतोय. तूही लाव, पण मोबाइलवर नको, बाबांच्या मोठ्या स्पीकरवर. शेजारच्या काकू काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

तुझा,
धाकटा