घोट्यावरचा खळगा

“मुलीचे शिक्षण संपले का हो?” हा प्रश्न गेली अकरा वर्षे मला दर दिवाळीला विचारला जातो. विचारणारे बदलतात, माझे उत्तर बदलत नाही. “होतच आले,” असे म्हणून मी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सारतो. (स्वतः मी त्यातले घेत नाही, ते का, हे पुढे येईलच.)

हिशेब तसा सरळ आहे. एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, मग वर्षभर इंटर्नशिप, एम. डी.ची तीन, आणि त्यावर मूत्रपिंडविकारांच्या डी. एम.ची आणखी तीन. एवढ्या अवधीत शेजारच्या मुलाने नोकरी धरली, लग्न केले, ब्लॉक घेतला, आणि आता त्याचे चिरंजीव शाळेत जातात. आमची लेक अजून परीक्षेलाच बसते आहे! आणि हे सारे कशासाठी, तर मुठीएवढ्या दोन अवयवांसाठी. हृदयाची डॉक्टर झाली असती तर चारचौघांत सांगायला बरे वाटले असते, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. मूत्रपिंड म्हटले की लघवीचा विषय निघतो, आणि तोही ऐन फराळाच्या वेळी.

लेकीला मात्र अशा वेळी चेव येतो. “काका, दिवसाला एकशे ऐंशी लिटर पाणी गाळायचं आणि त्यातलं दीड-दोन लिटरच टाकायचं, असा काटकसरी कारभार तुमच्या कचेरीत तरी आहे का?” एका दिवाळीत तिने पणतीकडे बोट दाखवून सांगितले की, पूर्वी डॉक्टर लोक लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत, प्रथिन असले तर ती गढूळ होऊन गोठे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइटने १८२७ साली अंगावरची सूज, हे प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांची सांगड घालून दाखवली. पाहुण्यांनी हातातला अनारसा खाली ठेवला.

मानेतल्या शिरेत डायलिसिसची नळी घालणे, पालथ्या रोग्याच्या पाठीतून सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढणे, तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे, हे सारे ती शिकली. पहिल्या वर्षी थरथरणारा हात दुसऱ्या वर्षी ठरला. अवघड ते निराळेच होते. एका तरुण शेतकऱ्याला तिने उभ्या उभ्या समजावले की, आता आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास, यंत्रावर यावे लागेल. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “मग बरा कधी होईन?” ती उत्तर न देताच बाहेर आली. तिच्या सरांनी एवढेच सांगितले, “अगं, आधी खुर्ची ओढून बसायचं. असलं उभ्यानं सांगू नये.”

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे ती माझ्या पायांना तेल लावीत होती. घोट्यापाशी तिचा अंगठा थांबला. तिने तो दाबला, उचलला. कणकेत बोट रुतावे तसा खळगा तिथे राहिला. बाहेर मुले फटाके उडवीत होती.

“बाबा, गुडघ्यासाठी काय घेता?”

“काही नाही गं.”

माझे खोटे तिला लहानपणापासून ओळखता येते. कपाटातल्या धोतरांखालून तिने गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. आठ महिने, रोज दोन. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या, कोणालाही न विचारता. घरात डॉक्टर असताना दुकानदाराला विचारण्याचा हा शहाणपणा माझाच. तिला सतरा कामे, एका गुडघ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असे मला वाटले होते.

भाऊबीज झाल्यावर रक्त तपासले. संध्याकाळी ती कागद घेऊन आली. सौभाग्यवती दारातच थांबल्या. लेकीने कोपऱ्यातली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि ती बसली.

“बाबा,” ती म्हणाली, आणि पुढे बराच वेळ तिला बोलता आले नाही. शेवटी मीच विचारले, “बरा कधी होईन?”

गोळ्या त्याच दिवशी गेल्या. कागदावरचा आकडा थोडा उतरला. पूर्वीच्या जागी मात्र गेला नाही. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, मीठ मोजून खातो. यंदा तिला रजा नाही. काल रात्री ड्यूटीवरून तिचा फोन आला, “पायाला तेल लावाल तेव्हा अंगठा दाबून बघा.” पाहिला. खळगा पडतो, पण लवकर भरतो.